पाऱ्याशिवाय शिसं आणि कॅडमियम मोजायचंय? बिस्मथची फिल्म लावा

पाण्यातलं शिसं, कॅडमियम पीपीबी (अब्जात एक भाग) लेव्हलला मोजायचं म्हटलं की अजूनही बरेच जण पाऱ्याकडेच वळतात. १९२२ साली हेरॉव्स्कीने पोलॅरोग्राफी (पाऱ्याच्या थेंबावर व्होल्टेज बदलत करंट मोजायची पद्धत) सुरू केली तेव्हापासून पाऱ्याला तोड नव्हती हे खरंय, पण २००० साली जोसेफ वांग यांच्या गटाने कार्बनवर बिस्मथचा पातळ थर देऊन तेच काम करून दाखवलं, आणि मला मनापासून वाटतं की या दोन धातूंच्या रोजच्या टेस्टिंगसाठी आता पारा हाताळायची गरज नाही. बिस्मथही पाऱ्यासारखंच या धातूंना स्वतःत सामावून घेतं आणि त्याच्यावर हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही, म्हणून जमतं सगळं. पद्धत अशी: उणे व्होल्टेज देऊन धातू इलेक्ट्रोडवर जमवायचे, मग व्होल्टेज वर नेत ते उतरवायचे, प्रत्येक धातू आपापल्या व्होल्टेजला उतरताना करंटचा उंचवटा, म्हणजे पीक, देतो.

आधी ग्लासी कार्बन (काचेसारखा गुळगुळीत कार्बन) इलेक्ट्रोड पॉलिश करा, आणि इथे अजिबात घाई करू नका, कारण निम्म्याहून जास्त भानगडी इथेच होतात. ओल्या पॅडवर ०.०५ मायक्रॉनची अ‍ॅल्युमिना पावडर घ्यायची, इलेक्ट्रोड अगदी सरळ उभा धरायचा, इंग्रजी आठचा आकार काढत हलक्या हाताने दोन-तीन मिनिटं फिरवायचा. मग धुवून उजेडात तिरका धरून बघा, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कडेपर्यंत स्वच्छ दिसलं पाहिजे, धुरकट पट्टा दिसला तर परत पॅडवर. शेवटी शुद्ध पाण्यात मिनिटभर सोनिकेट करा (अल्ट्रासाउंडने हलवा) म्हणजे चिकटलेली पावडर निघते.

सेलमध्ये १० मिली सॅम्पल आणि १० मिली ०.२ मोलर अ‍ॅसिटेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ४.५. त्यात १००० पीपीएमच्या बिस्मथ स्टँडर्डचे ८ मायक्रोलिटर टाकले की बिस्मथ ४०० पीपीबी होतं. स्टॉक नायट्रिक अ‍ॅसिडमध्येच ठेवा, नुसत्या पाण्यात बिस्मथचा पांढरा साका बसतो. सॅम्पल अ‍ॅसिड घालून ठेवलेलं असेल तर पीएच परत तपासा. वेगळं प्लेटिंग करायचं नाही, फिल्म आणि धातू एकदमच बसतात.

सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे १.२ व्होल्टवर १२० सेकंद ढवळत ठेवा (झिंकही हवं असेल तर उणे १.४), मग ढवळणं बंद करून १० ते १५ सेकंद थांबा आणि स्क्वेअर वेव्ह स्कॅन घ्या (चौकोनी पल्स देत व्होल्टेज वर न्या), २५ हर्ट्झ, स्टेप ४ मिलिव्होल्ट, अ‍ॅम्प्लिट्यूड २५. कॅडमियमचा पीक साधारण उणे ०.८ ला, शिशाचा उणे ०.५५ च्या आसपास, आणि शेवटी उणे ०.२ च्या जवळ मोठा पीक येतो तो बिस्मथचा, त्याला बघून दचकू नका. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढत बसायची सहसा गरज पडत नाही, ही मोठी सोय आहे. दोन स्कॅनच्या मध्ये अधिक ०.३ व्होल्टवर ढवळत ३० सेकंद ठेवलं की जुनी फिल्म निघून जाते.

ब्लँक (सॅम्पलऐवजी शुद्ध पाणी) मात्र रोज घ्या. मला एकदा ब्लँकमध्येच शिशाचा ठसठशीत पीक दिसला, इलेक्ट्रोड पुन्हा पुन्हा पॉलिश केला, पाणी बदललं, काही फरक नाही, शेवटी कळलं की बफरच्या मिठातच शिसं होतं. तेव्हापासून अतिशुद्ध ग्रेडचंच मीठ वापरते आणि काचसामान रात्रभर १० टक्के नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये बुडवून ठेवते.

आकडा काढताना बाहेरचा कॅलिब्रेशन ग्राफ नको, स्टँडर्ड अ‍ॅडिशनच करा, म्हणजे सॅम्पलमध्येच माहीत असलेलं प्रमाण टाकून पीक किती वाढतो ते बघा, कारण नमुन्यातला मॅट्रिक्स (बाकीचे घटक) पीक दाबतो. समजा पीक २ मायक्रोअँपिअर आला, १० पीपीबी शिसं टाकल्यावर ३ झाला, म्हणजे सेलमध्ये २० पीपीबी, आणि सॅम्पल निम्मं पातळ केलंय म्हणून मूळ पाण्यात ४०. पिण्याच्या पाण्यासाठी डब्ल्यूएचओचा आकडा १० आहे, म्हणजे हे पाणी चौपट वर गेलं. एका अ‍ॅडिशनवर भागवू नका, तीन करा आणि रेषा सरळ येते का बघा.

पीक स्कॅनगणिक खाली जात असेल तर सॅम्पलमधले सेंद्रिय पदार्थ पृष्ठभागावर चिकटतायत, अशा वेळी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून यूव्हीखाली डायजेस्ट करा. तांबं जास्त असेल तर ते बिस्मथशी जागेसाठी भांडतं आणि शिशाचा पीक खुजा होतो, तिथे बिस्मथ थोडं वाढवून बघा. खुद्द तांबं या फिल्मवर मोजायला जाऊ नका, त्याचा पीक बिस्मथला खेटून येतो. तांबं, आर्सेनिक आणि पारा मोजायला सोन्याचा इलेक्ट्रोड घ्या.