सुऱ्याचं पातं बिघडलंय? दुरुस्त करताना या चुका टाळा

नारळ फोडताना किंवा डब्याचं झाकण उचकटताना सुऱ्याचं टोक मोडलं, तर जातं फार तर दोन-तीन मिलिमीटर पोलाद. वाटोळं होतं ते नंतर, घाईघाईत तो धारवाल्याच्या हातात दिल्यावर.

सोसायटीच्या गेटपाशी सायकल लावून चाक फिरवणारा धारवाला विळीला, कात्रीला ठीक आहे. चांगल्या सुऱ्याचं पातं त्या कोरड्या चाकावर धरलं की ठिणग्या उडतात, पातळ धार बघता बघता तापते आणि पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं. साध्या कार्बन पोलादाचं टेम्परिंग (कडक केलेलं पोलाद पुन्हा बेताने तापवून चिवट करणं) साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास केलेलं असतं. त्यापुढे तापत गेलं की रंग पिवळसर, तपकिरी, जांभळा असा चढत जातो. निळा दिसला म्हणजे धार ३०० अंशांच्या घरात जाऊन आली. मग कितीही लावा, चार टोमॅटो कापेपर्यंत बसते. पॉलिश केल्यावर निळा रंग जातो, मऊपणा राहतो. तेवढा भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही.

म्हणून नवं टोक घरीच काढा. कानस वापरू नका, कडक पोलादावर ती नुसती घसरते. हार्डवेअरच्या दुकानातून १२० नंबरचा वॉटर पेपर आणा, सपाट लादीवर ओला करून अंथरा आणि घासायचं ते पात्याच्या पाठीकडून. बरेच लोक इथेच चुकतात, धारेकडून घासायला घेतात. तसं केलं तर आहे ती धारही जाते आणि पुढचा भाग जाडजूड होऊन बसतो. पाठ हळूहळू उतरवत धारेला नेऊन मिळवली की टोक आपोआप तयार होतं. मशीन वापरायचंच असेल तर उघड्या बोटांनी पातं धरा. चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा.

धारेला खवले, म्हणजे बारीक खाचा, पडले असतील तर आधी कारण बघा. सुरमईचा मधला काटा पातळ धारेने तोडायला गेलं की खवला पडणारच. बाजारातली कोळीणसुद्धा त्यासाठी जड कोयता घेते. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा काचेच्या बोर्डावर कापत असाल तर ते आधी थांबवा. बारीक खवले ४०० आणि मग १००० नंबरच्या दगडावर निघतात. धारेच्या उतारावर काळ्या मार्करची रेघ ओढा. शाई पुसली गेली तिथे दगड लागतोय, राहिली तिथे कोन चुकतोय. खवल्यातून वर केसासारखी चीर गेलेली दिसली, तर मात्र त्या सुऱ्यावर जोर लावू नका.

वाकलेलं पातं हातोडीने सरळ करायच्या फंदात पडू नका, तडकतं.

नवा सुरा ठाण्याजवळच्या येऊरला नेऊन लाकूड फोडून आजमावायची हौस अनेकांना असते. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या व्याख्येत चाकू हेही शस्त्रच आहे आणि परवानगीशिवाय ते आत नेता येत नाही. लाकूड फोडायचंच असेल तर गावाकडच्या वाडीत फोडा, आणि पात्याच्या पाठीवर दगड न मारता लाकडाचा दांडका मारा.

आता पावसाळा. खाडीकाठच्या घरात जून ते सप्टेंबर चामड्याच्या म्यानात सुरा ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. चामडं ओल धरतं आणि ती थेट पोलादाला लागते. म्यान वेगळं ठेवा, पातं कोरडं पुसून त्यावर केमिस्टकडच्या लिक्विड पॅराफिनचा हात फिरवा. लिंबू-कांदा कापल्यावर कार्बन पोलादावर येणारी करडी-निळसर झाक घासून काढू नका, तो गंज नव्हे. लाल ठिपके दिसले तर खाण्याच्या सोड्याची लगदी बुचाने चोळा. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवायची युक्ती बरेच जण सांगतात. त्यात गंजाबरोबर पोलादही खाल्लं जातं.

मूठ हलत असेल तर आठवडाभर कोरड्या जागी ठेवून मगच ॲराल्डाइट भरा. भिजून फुगलेल्या लाकडावर ते चिकटत नाही.