मुलांमधला सेप्सिस: रक्ताचे रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयवच बिघडू लागणं. पावसाळ्यात सुरगाणा, पेठकडून नाशिकला रेफर होणाऱ्या तापाच्या मुलांच्या फाइलमध्ये सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) सहसा असतोच. तो नॉर्मल दिसला की सगळे निर्धास्त होतात, आणि पहिली चूक तिथेच होते. सीआरपी वाढायला सहा ते बारा तास लागतात, कळस गाठायला दीड-दोन दिवस. सकाळी ताप आला आणि दुपारी रक्त घेतलं, तर त्यात काय दिसणार? प्रोकॅल्सिटोनिन (संसर्गाची रक्तातली दुसरी खूण) लवकर वाढतं, पण जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ते निरोगी बाळातही चढलेलं असतं. शिवाय ही दोन्ही मुख्यतः संसर्ग आणि सूज यांबद्दल बोलतात. अवयव थकतायत का, हे लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढतं), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगतं), प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगतो) यांना विचारायचं.

सर्वांत जास्त गफलत लॅक्टेटची. शीर सापडत नाही, पोर हातपाय झाडतंय, पट्टा आवळून ठेवलाय, मग नळी अर्धा तास टेबलावर. नळीतल्या पेशी साखर वापरत राहतात आणि आकडा आपोआप फुगतो. म्हणून करड्या झाकणाची फ्लोराइडची नळी वापरा, बर्फात ठेवून लगेच लॅबला द्या. जागच्या जागी लॅक्टेट मोजणारं ब्लड गॅस मशीन जवळ असेल तर उत्तमच. दम्यासाठी दिलेल्या सॅल्ब्युटामॉलच्या वाफेनेही लॅक्टेट वाढतं. पण याची उलटी चूक जास्त महागात पडते: "रडलं असेल" म्हणून खरा वाढलेला आकडा सोडून देणं. शंका असेल तर पट्टा न आवळता लगेच पुन्हा घ्या. उपचार सुरू झाल्यावर दोन-चार तासांनी तो उतरतोय की नाही, ते पाहा.

क्रिएटिनिनच्या पुढे बऱ्याचदा मोठ्यांची मर्यादा छापलेली असते. दोन वर्षांच्या मुलाचं ०.३ असायला हवं ते ०.८ झालं, तरी ठळक अक्षरात येत नाही. लघवी किती वेळात झाली, हे आईला विचारा. आकड्याआधी ते बोलतं.

प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच, हे आपल्याकडच्या सीझनमधलं सोयीचं निदान. आधी स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्तात) प्लेटलेटच्या गुठळ्या नाहीत ना ते बघा, मग आयएनआर मागवा. २०२४ च्या फिनिक्स निकषांत (मुलांमधल्या सेप्सिसच्या निदानाची गुणपद्धत) प्लेटलेट १ लाखाखाली आणि आयएनआर १.३ च्या वर, दोन्हींना गुण आहेत. संसर्गाचा संशय आणि एकूण किमान २ गुण म्हणजे सेप्सिस. मात्र हे निकष निदानासाठी आहेत, दारातल्या चाळणीसाठी नाहीत. गुण भरेपर्यंत थांबू नका.

इंटरल्युकिन-८, अँजिओपोएटिन-२ या रक्तातल्या नव्या खुणांवर संशोधन चालू आहे, रोजच्या निर्णयाला त्यांचा उपयोग अजून नाही.

हातपाय गार, मूल मलूल, नख दाबून सोडल्यावर रंग उशिरा परततोय, तर शॉक समजा. अँटिबायोटिक तासाभरात गेलं पाहिजे, कल्चर (रक्तातला जंतू ओळखायची चाचणी) त्याआधी जमलं तर. रक्तदाब मुलांमध्ये फार उशिरा पडतो. आणि रेफर चिठ्ठीवर नुसता आकडा नको: रक्त किती वाजता घेतलं, कुठून घेतलं, तोवर किती सलाइन गेलं होतं, हेही लिहा.