पोहून आल्यावर ताप आणि डोकेदुखी: मेंदूतल्या अमिबाचा संशय आला तर काय करायचं

एप्रिल-मे मध्ये पुण्यातली पोरं भोर-मुळशीकडच्या विहिरींवर नाहीतर धरणाच्या बॅकवॉटरला पळतात, त्यामुळे हे नीट वाचा आणि घरातल्यांनाही वाचायला द्या. निग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा (डोळ्यांना न दिसणारा एका पेशीचा जीव) कोमट गोड्या पाण्यात राहतो, सूर मारताना पाणी जोरात नाकात गेलं की तो वासाच्या नसेवरून थेट मेंदूत चढतो. तेच पाणी पोटात गेलं तर हा आजार होत नाही. आजार फार क्वचित होतो पण झाला तर १०० पैकी ९७ च्या आसपास पेशंट दगावतात आणि तेही लक्षणं सुरू झाल्यावर साधारण ५ दिवसांत, त्यामुळे "उद्या सकाळी बघू" इथे चालत नाही.

पाण्यात गेल्यापासून १ ते १२ दिवसांत कपाळ फुटेल असं डोकं दुखतं, ताप, उलट्या, मग मान आखडते, पेशंट बरळायला लागतो, फिट येते. तापाची गोळी देऊन वाट बघू नका, आयसीयू आणि मेंदूचे डॉक्टर असलेलं हॉस्पिटल गाठा, आणि कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच बोला की अमुक दिवशी विहिरीत पोहला होता, नाकात पाणी गेलं होतं. केसपेपरवर ते लिहून घ्यायला लावा. कारण सुरुवातीला सगळं बॅक्टेरियाच्या मेनिंजायटिससारखंच (मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) दिसतं, पाठीतून सुईने काढलेल्या पाण्याचा रिपोर्टसुद्धा: पांढऱ्या पेशी वाढलेल्या, साखर कमी, प्रोटीन जास्त, फक्त बॅक्टेरिया सापडत नाही.

आता पाठीतल्या पाण्याचं. "पाठीत सुई मारली की माणूस कायमचा लुळा पडतो" असं कोणीतरी काका सांगतात आणि नातेवाईक सही द्यायला दोन-दोन तास लावतात. अहो, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली सुई घालतात. डोक्यात प्रेशर वाढलंय का ते डॉक्टर आधी बघतात, त्यांनी सुई घालायला हो म्हटलं की सही करून टाका. आणि डॉक्टरांना नम्रपणे विचारा, "सर, अमिबासाठी ताजं वेट माउंट बघाल का?" म्हणजे पाठीतल्या पाण्याचा ताजा थेंब काचेवर घेऊन लगेच मायक्रोस्कोपखाली बघणं. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सॅम्पल फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, गार झालं की अमिबा हलायचा थांबतो आणि मग तो पांढऱ्या पेशीसारखाच दिसतो, ग्रॅम स्टेनमध्येही (रंग देऊन बॅक्टेरिया शोधायची तपासणी) ओळखू येत नाही. ताज्या थेंबात मात्र बाकी पेशी जागेवर असतात आणि हा पुढे गोलसर फुगवटा काढत त्या दिशेने सरकत जातो. पीसीआरने पक्कं होतं, पण संशय दाट असेल तर रिपोर्टसाठी औषधं थांबवत नाहीत.

औषध एक नाही, अख्खा संच असतो: अँफोटेरिसिन बी शिरेतून (कधी पाठीतूनही), सोबत मिल्टेफोसिन, रिफाम्पिसिन, फ्लुकोनाझोल, अझिथ्रोमायसिन, आणि मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन. अँफोटेरिसिनने थंडी वाजून हुडहुडी भरते, किडनीवर ताण येतो, पोटॅशियम उतरतं, म्हणून रोज रक्त काढतात, तेव्हा वैतागू नका. मिल्टेफोसिन हे काळा आजारावर (कालाआझार) वापरतात ते औषध, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळायचं नाही, म्हणून संशय आला त्याच क्षणी हॉस्पिटलच्या फार्मसीला शोधायला लावा, आणि पेशंट गरोदर असेल तर ते आधी सांगा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सामधली १२ वर्षांची मुलगी याच औषधांवर आणि अंग थंड ठेवून वाचली, २०२४ मध्ये केरळात कोझिकोडचा १४ वर्षांचा मुलगा वाचला, दोघांचंही निदान लवकर झालं होतं. म्हणून तर एवढी घाई करायला सांगतोय.

पोहायला न जाणाऱ्यांनीही एक ऐका. जलनेती करत असाल तर नळाचं, टँकरचं किंवा नुसतं फिल्टरचं पाणी नाकात घालू नका, मीठ घातलं म्हणून अमिबा मरत नाही. पाणी खळखळून उकळा, किमान १ मिनिट, झाकून गार करा आणि मगच वापरा, नेतीचं भांडंही त्याच पाण्याने धुवा.

आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, पेशंटजवळ बसायला घाबरू नका. पण त्याच पाण्यात त्याच्यासोबत जे जे उतरले होते त्यांच्या घरी आजच फोन करा आणि पुढचे १२ दिवस ताप-डोकेदुखीवर लक्ष ठेवायला सांगा.