ट्रायथलॉनसाठी तीन वेगळे पोशाख की एकच?

७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे अशा माझ्या पहिल्या स्प्रिंट ट्रायथलॉनसाठी मी तीन वेगळे पोशाख काढून ठेवले होते. पण सरावात ओल्या अंगावर चढवलेली जर्सी पाठीवर गुंडाळली जाऊन अशी अडकली, की दोन्ही हात वर करून मी कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो. मग शेवटपर्यंत अंगावर राहणारा ट्रायसूट घेतला. त्याचे बैठकीखालचे मऊ पॅड सायकलच्या शॉर्टमधल्या पॅडपेक्षा पातळ असल्याने पाणी कमी धरते आणि धावताना ओझे वाटत नाही (सीट थोडी टोचते, हे मान्य). तरीही काखेत शिवणीने कातडी सोलवटली. पुढच्या वेळी तेथे आधीच व्हॅसलीन लावले आणि तो त्रास थांबला. स्पर्धेचा क्रमांक कमरेच्या लवचीक पट्ट्याला लावला.