विंडोज नव्याने टाकल्यावर जुन्या फाइल्स कशा परत मिळवाव्यात

विंडोज नव्याने टाकली आणि डेस्कटॉप कोरा दिसला, की लगेच कुणीतरी रिकव्हरी सॉफ्टवेअर डाउनलोड करायला सांगतं. ऐकू नका. इन्स्टॉल करताना पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, फॉरमॅट झालं नसेल, तर फाइल्स बहुधा तिथेच असतात. सी ड्राइव्हवर 'विंडोज.ओल्ड' शोधा; त्यात 'यूजर्स' आणि त्यात तुमच्या जुन्या नावाचा फोल्डर. पण आजच बघा, कारण विंडोज 10 आणि 11 'विंडोज.ओल्ड' साधारण 10 दिवसांत आपोआप पुसून टाकतात.

माणसं अडतात ती इथे: नावाच्या फोल्डरवर क्लिक केलं की 'परवानगी नाही'. नाव तेच, पासवर्ड तोच, तरी नाही. विंडोज आपल्याला नावाने ओळखतच नाही. प्रत्येक खात्याला आतून एक ओळखक्रमांक असतो आणि नव्या इन्स्टॉलमध्ये तो नवा मिळतो. जुना फोल्डर अजून जुन्या क्रमांकाच्या मालकीचा आहे.

आधी 'कंटिन्यू' दाबा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाहीच उघडला, तर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर ओनरसमोर 'चेंज' दाबून आपलं खातं निवडा, खालच्या 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स'वर टिक करा, अप्लाय करा. सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा याच जागी या आणि आपल्या खात्याला 'फुल कंट्रोल' द्या. मालकी घेतली म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. हे दुसरं पाऊल बहुतेक जण गाळतात.

हे फक्त तुमच्या नावाच्या फोल्डरवर करायचं. अख्ख्या सी ड्राइव्हची मालकी घ्या असं सांगणारे व्हिडिओ सर्रास फिरतात. त्याने विंडोजच्या स्वतःच्या फाइल्सच्या परवानग्या बिघडतात आणि नवं दुखणं मागे लागतं. शिवाय कट-पेस्ट नको, कॉपीच करा. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या परवानग्या सोबत घेऊन येते, कॉपी केलेली नव्या जागेच्या घेते. आत 'माय डॉक्युमेंट्स'सारखी काही नावं तरीही उघडणार नाहीत. ते नुसते दुवे आहेत, सोडून द्या.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स बाहेरच्या डिस्कवर घ्या. जुन्या फोल्डरमधला डेस्कटॉप रिकामा दिसला तर तिथल्याच वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये बघा. थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम वापरत असाल, तर त्याची मेल लपवलेल्या 'ॲपडेटा'मध्ये असते.

पार्टिशन फॉरमॅट झालं असेल, तर मशीन तत्काळ बंद करा. प्रत्येक नवी फाइल जुन्या फाइलवर बसू शकते. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, फोटोरेक हे रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा आणि मिळेल ते तिसऱ्याच डिस्कवर साठवा. मूळ नावं मिळणार नाहीत, फोटो एकेक उघडून ओळखावे लागतील. एसएसडी असेल तर आशा फार थोडी. फॉरमॅट करतानाच ट्रिमचा, म्हणजे ही जागा आता मोकळी समजा असा, आदेश डिस्कला जातो आणि जुना डेटा सहसा वाचण्यासारखा राहत नाही. अशा वेळी डेटा रिकव्हरीवाल्याला पैसे देण्याआधी गूगल फोटोज, पाठवलेल्या मेल्सच्या अटॅचमेंट आणि घरातले जुने पेनड्राइव्ह धुंडाळा.