स्पोर्ट क्वाडचा घसरणारा क्लच : निदान आणि दुरुस्ती

वाळूच्या चढावर थ्रॉटल पूर्ण दाबूनही क्वाडला, म्हणजे जाड टायरांच्या चारचाकी मोटरसायकलला, ओढ लागत नाही, इंजिनाचा आवाज मात्र चढत जातो आणि थोड्या वेळाने जळका वास येऊ लागतो, तेव्हा क्लच घसरत असल्याची शंका घ्यायला हरकत नसते. तरीही लगेच क्लच प्लेटांचा नवा संच मागवू नये. यामाहा रॅप्टर ७००, वायएफझेड ४५० किंवा होंडा टीआरएक्स ४००ईएक्स यांसारख्या स्पोर्ट क्वाडमध्ये मोटरसायकलप्रमाणेच तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा, हाताने चालवायचा क्लच असतो, आणि त्याच्या घसरण्याचे कारण कित्येकदा क्लचच्या बाहेरच, केबलमध्ये किंवा चुकीच्या तेलात सापडते. म्हणून तपासणी बाहेरून आत करत जावी. पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक क्वाडना पुढील कृती लागू पडत नाही.

पहिली चाचणी चालवतानाची. कडक आणि सपाट जमिनीवर, इंजिन नीट तापल्यावर, वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना थ्रॉटल एकदम दाबावा. इंजिनाचे फेरे झपाट्याने वाढले आणि वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. मऊ वाळूत ही चाचणी घेऊ नये, कारण तिथे चाके जागच्या जागी फिरली तरी हाच भास होतो. दुसरी चाचणी उभ्या गाडीची आहे. पुढे मोकळी जागा ठेवून दोन्ही ब्रेक घट्ट धरावेत, तिसरा गिअर टाकावा, फेरे थोडे वाढवावेत आणि क्लच लिव्हर झटकन सोडावा. निरोगी क्लच असेल तर इंजिन तत्काळ बंद पडते, आणि ते चालूच राहिले तर प्लेटा पकड सोडत आहेत. ही चाचणी एखाद-दोन वेळाच करावी, कारण काही सेकंदांच्या घर्षणानेही प्लेटा करपतात.

याच्याशी मिळतेजुळते दोष वेगळे ओळखता आले पाहिजेत. चेन दात सोडत असेल तर खटखट आवाज येतो आणि हिसके बसतात, तर गिअर निसटत असेल तर ओढ एका क्षणात पूर्ण जाते. मागचा ब्रेक किंवा पार्किंग ब्रेक अर्धवट लागून राहिला असेल तर क्वाड मंद वाटतो खरा, पण इंजिनाचे फेरे मोकाट वाढत नाहीत.

आता केबलकडे वळावे. लिव्हर दाबल्यावर सुरुवातीला तो काहीही न ओढता जेवढा हलतो, तेवढी त्याची मोकळी चाल. ती लिव्हरच्या टोकापाशी बहुधा १० मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. प्लेटा झिजतात तसा त्यांचा थर पातळ होतो, स्प्रिंगांच्या जोराने त्यांना दाबून धरणारी प्रेशर प्लेट आत सरकते आणि तिला ढकलणाऱ्या दांड्यातली, म्हणजे पुशरॉडमधली, मोकळी जागा कमी होत जाते. म्हणजे मोकळी चाल वापराबरोबर आपोआप घटते, आणि ती शून्यावर आली की लिव्हरला हात न लावताही क्लच थोडासा दाबलेलाच राहतो. अशा स्थितीत चालवलेल्या चांगल्या प्लेटाही लवकर जळतात. आधी लिव्हरजवळच्या ॲडजस्टरने आणि तो पुरला नाही तर इंजिनाकडील ॲडजस्टरने चाल योग्य करावी. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती कायम राहते का, हे पाहावे. उंच हँडल बसवलेल्या क्वाडमध्ये जुनी केबल वळणावर ताणली जाते. लिव्हर सोडल्यावर तो सुस्तपणे परतत असेल, तर केबल आतून गंजली आहे किंवा तिच्यात वाळू गेली आहे असे समजून ती बदलावी.

चाल बरोबर असूनही क्लच घसरत असेल तर तेल तपासावे. क्लच त्याच तेलात फिरत असल्यामुळे मोटारीसाठीचे, इंधन वाचवणारे म्हणून विकले जाणारे, घर्षण कमी करणाऱ्या रसायनांचे तेल इथे घातक ठरते. डब्यावर जासो (मोटरसायकलच्या तेलांचे जपानी मानक) एमए किंवा एमए२ असा उल्लेख असलेले तेलच घ्यावे. एमबी हा वर्ग कमी घर्षणाचा असल्याने या क्लचला चालत नाही. होंडा टीआरएक्स ४५०आर मध्ये इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते व क्लच गिअरबॉक्सच्या तेलात चालतो, हे लक्षात ठेवावे. चुकीचे तेल नुकतेच पडले असेल तर ते फिल्टरसह बदलून काही फेऱ्या मारून पाहाव्यात. काढलेले तेल काळे, जळक्या वासाचे आणि तंतूंच्या कणांनी भरलेले निघाले, तर मात्र क्लच उघडावाच लागेल.

उघडण्यापूर्वी क्वाड स्वच्छ धुवावा, कारण वाळूचा कण इंजिनात पडला तर दुरुस्तीच महाग पडेल. तेल काढून घ्यावे, आणि कूलंटची नळी झाकणाला जोडलेली असल्यास कूलंटही काढावे. झाकणाचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून जो बोल्ट जिथला तिथे खोचून ठेवला, की जोडताना घोटाळा होत नाही. स्प्रिंगांचे बोल्ट तिरपे-समोरासमोर, थोडे थोडे करून सैल करावेत. यामाहाच्या या क्वाडमध्ये प्रेशर प्लेट बाहेरच्या बाजूला असल्याने ती काढली की प्लेटा हाती येतात. होंडाच्या काही इंजिनांत ती आतल्या बाजूला असते आणि त्यासाठी मधला नट खोलावा लागतो. प्लेटा काढताना त्यांचा क्रम आणि बाजू यांची छायाचित्रे घ्यावीत, विशेषतः सर्वांत आतली प्लेट रुंद भोकाची असेल आणि तिच्या आत पातळ स्प्रिंग-रिंग असेल तर.

मोजमाप हाच या कामाचा गाभा आहे. प्रत्येक घर्षण प्लेटेची, म्हणजे घर्षणाचा थर चिकटवलेल्या प्लेटेची, जाडी व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजावी आणि एकही मॅन्युअलमधल्या मर्यादेखाली गेली असेल तर संच बदलावा. घर्षणाचा थर चकचकीत झाला असेल तर जाडी पुरेशी असूनही ती प्लेट निकामी समजावी. पोलादी प्लेटा जाड सपाट काचेवर ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) खाली सरकवून पाहावा; ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असलेली किंवा तापून निळी पडलेली प्लेट परत बसवू नये. स्प्रिंगांची मोकळी लांबी हमखास मोजायची राहून जाते. उष्णतेने आखूड झालेल्या स्प्रिंगा तशाच ठेवून फक्त नव्या घर्षण प्लेटा घातल्या, तर काही दिवसांत क्लच पुन्हा घसरू लागतो, म्हणून स्प्रिंगा नेहमी संचानेच बदलाव्यात. प्लेटा ज्यात बसतात त्या बास्केटच्या बोटांवर प्लेटांनी पाडलेल्या खाचा हलक्या असतील तर बारीक कानशीने घासता येतात, मात्र खोल असतील तर बास्केटच बदलावे.

नव्या घर्षण प्लेटा योग्य तेलात रात्रभर भिजवून मगच बसवाव्यात. प्रेशर प्लेटवर आणि हबवर (प्लेटांच्या मधल्या भागावर) जुळणीच्या खुणा असतील तर त्या समोरासमोर आणाव्यात. स्प्रिंगांचे बोल्ट पुन्हा तिरप्या क्रमाने टॉर्क रेंचनेच आवळावेत. हे बोल्ट साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटर एवढ्याच जोराचे असतात आणि मनगटाच्या अंदाजाने आवळले तर ॲल्युमिनियमचे आटे सहज उतरतात. झाकणाला नवे गॅस्केट लावावे व नवे तेल भरावे.

नव्या जाड थरामुळे मोकळी चाल वाढलेली असेल, म्हणून ती पुन्हा लावून घ्यावी आणि इंजिन तापल्यावर परत तपासावी. पहिल्या फेरीत पॅडल टायर (वाळूसाठीचे वल्ह्यांसारख्या पट्ट्यांचे टायर), मोठे चढ आणि अर्धवट दाबलेला क्लच टाळून प्लेटांना बसू द्यावे. त्यानंतर उभ्या गाडीची चाचणी एकदा घ्यावी, आणि पुढच्या एक-दोन फेऱ्यांनंतर केबलची चाल पुन्हा मोजावी, कारण नव्या प्लेटा सुरुवातीलाच थोड्या दबतात.