फेटाळलेला अपंगत्व विम्याचा दावा: पत्रात काय बदललं
डॉक्टरांच्या पत्रात "रुग्ण काम करू शकत नाही" एवढी एकच ओळ होती, आणि दावा फेटाळला गेला. एमआरआय जोडला होता, पण मणक्यातली गादी सरकलेली दिसली म्हणून माणूस किती वेळ बसू शकतो ते त्यातून कळत नाही. आधी पॉलिसीतली अपंगत्वाची व्याख्या पाहिली: स्वतःचा व्यवसाय करता न येणं, की कुठलंही काम करता न येणं? मग डॉक्टरांकडून नवं पत्र घेतलं: सलग 20 मिनिटांवर बसता येत नाही, 5 किलोच्या वर उचलता येत नाही, कधीपासून, कोणत्या तपासणीवरून. सोबत नोकरीतल्या कामाचं स्वरूप, तासांसकट. जुन्या केसपेपरवरचे "बरं वाटतंय" हे दोन शब्द मात्र छळतात. विमा कंपनी नेमके तेच उचलते. म्हणून प्रत्येक भेटीत काय जमत नाही ते सांगून लिहून घ्यायचं. अपिलाची मुदत चुकली तर हे सगळं वाया.